मोठ्यानं वाचलेला 'पाटकरी'

आजवर मी पुष्कळ बोललो, पण सगळं दुसऱ्यांचं. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाचा बैल बाजारातून सुटून गेला, कुठल्या यात्रेत शेवटची कुस्ती कुणी मारली, हे सांगता सांगता माझा जन्म सरला. आज पहिल्यांदाच स्वतःचं सांगतोय. आवाज खोल गेलाय, तेव्हा जरा जवळ सरकून ऐका.

मी साप्ताहिक 'पाटकरी'. मुक्काम कोपरगाव, दर गुरुवारी प्रसिद्ध. पाटाच्या दारावर बसून ज्याची पाळी असेल त्याला पाणी सोडणारा सरकारी माणूस म्हणजे पाटकरी. शामकांत जामखेडकर यांनी माझं नाव त्याच्यावरून ठेवलं. ते पूर्वी शाळामास्तर होते. पोरांना वाचायला शिकवायचं, आणि पोरं मोठी झाली की त्यांना वाचायला गावात तमाशाच्या जाहिरातीपलीकडे काही नाही, याचा त्यांना उबग आला. नोकरी सोडून त्यांनी नगरहून पायानं चालवायचं एक जुनं छपाईयंत्र आणलं आणि मला जन्माला घातलं. माझ्या नावाखाली एक ओळ असे: 'ज्याचे पाणी त्याला.' त्यांच्या पत्नी नीलांबरीबाई म्हणायच्या, "वाटा सगळ्यांना पाणी. आपल्या घरातला रांजण मात्र मीच भरते."

खिळे जुळवायला आणि यंत्र मारायला छगन होता. तो एकेक अक्षर उचलून ओळ बांधायचा, शाई लावायचा, आणि पाय हलवत हलवत मला जिवंत करायचा. नीलांबरीबाई कणकेची खळ शिजवून माझ्या घड्यांवर गावाच्या नावाच्या पट्ट्या चिकटवायच्या. मग एस.टी.च्या टपावर बसून मी गावोगाव निघायचो. पुणतांब्याकडे, पार राजूरच्या डोंगरापर्यंतसुद्धा माझे दोन-चार अंक जात.

आता माझी खरी गंमत सांगतो. मला डोळे कमी आणि कान फार होते. गावात वाचता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे गुरुवारी तिसऱ्या प्रहरी माणसं मारुतीच्या पारावर जमायची आणि गावातला एकजण मला मोठ्यानं वाचून दाखवायचा. बाकीचे ऐकायचे, मान डोलवायचे, मधेच 'फिरून वाच' म्हणायचे. मी डोळ्यांनी वाचायचा कागद होतो, पण माझी सगळी इज्जत कुणाच्यातरी जिभेवर होती. त्याचं भय मला त्या काळी वाटलं नाही. भय वाटायला आधी दगा व्हावा लागतो.

पाटातून फुटलेल्या एका चारीवर दोन गावं होती. वरच्या अंगाला मळवाडी, शेवटाला कवठे. कवठ्यात मला वाचायचा मान कारभारी नावाच्या गृहस्थांचा. चौथी शिकलेले, पण आवाज असा की पारावर वाचलेलं वेशीबाहेरच्या बायकांना ऐकू जावं. मला आधी कपाळाला लावायचे, मग झटकायचे, मग सुरुवात. शेवटची 'मुद्रक, प्रकाशक, संपादक' ही ओळसुद्धा ते आरतीचं शेवटचं कडवं म्हणावं तशी म्हणायचे.

कारभाऱ्यांना एकच लेक, लंकाबाई. पोरीला शाळेत घालायची त्या घरात रीत नव्हती, तर यांनी तिला माझ्यावरून अक्षरं शिकवली. तिचं इवलंसं बोट धरून माझ्या ओळीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "बोट सुटलं की अक्षर पळतं, लंके. बोट सोडायचं न्हाई." तिच्या बोटांच्या घामानं माझी शाई पुसट व्हायची. मला ते आवडायचं, कबूल करतो.

पुढं लंकाबाईचं स्थळ बघायची वेळ आली. लोक जमीन बघतात, विहीर बघतात. कारभारी मळवाडीला गेले आणि चहाच्या कपाआधी त्यांनी पोराच्या हातात मला ठेवलं. "वाचा," म्हणाले. पोराचं नाव गोरक्ष. सोसायटीत कारकून होता. न अडखळता सगळं पान वाचून गेला. कारभारी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ठरलं. आता जमीन दावा." या सोयरिकीची पुष्कळ दिवस दोन्ही गावांत चेष्टा चालली. पण त्यामुळे असं झालं की एकाच गुरुवारी, एकाच सुमाराला, कवठ्याच्या पारावर सासरा मला वाचायचा आणि मळवाडीच्या पारावर जावई. लंकाबाई सासरी भिंतीआड उभी राहून नवऱ्याचं वाचन ऐकायची, आणि याच ओळी आता आबापण वाचत असतील म्हणून मनातल्या मनात हसायची.

मग बहात्तर साल उजाडलं.

त्याच्या आदल्या वर्षीही पाऊस रुसला होता, यंदा तर तो आमचा पत्ताच विसरला. गोदावरीच्या पात्रात वाळूत खड्डे करून बाया वाटी वाटी पाणी उपसू लागल्या. ज्वारी दिसेना. सरकारनं परदेशातून आणलेली लाल मिलो खाऊन लोकांचे चेहरे आंबट झाले. दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि सुकडी खायची, असे दिवस आले. माझंही अंग सुकलं. कागद मिळेना, चाराची दोन पानं झाली. नीलांबरीबाईंनी मिलोच्या पिठाची खळ करून बघितली, ती काही चिकटेना. पट्ट्या वाटेतच सुटायच्या आणि मी उघड्या अंगानं गावात पोचायचो.

पाटाला पाणी सुटायचं तेही उशिरा आणि करंगळीएवढं. मळवाडीत ऊस उभा होता, जळत होता. कवठ्यात ऊस नव्हताच, पण जनावरं होती आणि माणसं होती. कवठ्याची पाळी आली तरी पाणी शेवटापर्यंत पोचेना. मळवाडीच्या काहींनी चारीत वाळूची पोती टाकली होती हे खरं. पाणी मुळात कमी सुटलं होतं हेही खरं. कवठ्याची माणसं पोती काढायला आली. शिव्या झाल्या, मग दगड झाले, दोन्हीकडची डोकी फुटली.

शामकांत सायकलवर टांग टाकून दोन्ही गावांत जाऊन आले. दोन्हीकडं पाणी विचारायची सोय नव्हती, म्हणून तहानलेलेच परतले आणि लिहायला बसले. त्यांनी लिहिलं: 'कवठे येथे पाळीचे पाणी पोचले नाही. चारीत अडथळे असल्याची कवठ्याची तक्रार आहे. पाणी मुळातच कमी सुटले असे मळवाडीचे म्हणणे आहे. पाटबंधारे खात्याने दाराची पाहणी करावी, अशी कवठे ग्रामस्थांची मागणी आहे.'

छगन खिळे जुळवता जुळवता म्हणाला, "अण्णा, ह्यात मीठ न्हाई."

"कुठं घालू मीठ? फुटलेल्या डोक्यावर?" शामकांत म्हणाले.

छगननं पुढचा खिळा उचलला. मी निघालो.

त्या गुरुवारी कवठ्याच्या पारावर उभं राहायला जागा नव्हती. कारभाऱ्यांनी मला कपाळाला लावलं आणि जसंच्या तसं वाचलं. वाचून संपलं. कुणी मान डोलवली नाही. मागून एकजण म्हणाला, "येवढंच?"

दुसरा म्हणाला, "आमच्या मान्साचं डोकं फुटलं आन येवढंच? कारभारी, काय गिळताय का? तुमचा जावई तिकडं हाय म्हनून?"

कारभाऱ्यांचा चेहरा मी खालून पाहत होतो. ज्या पारावर त्यांनी इतकी वर्षं मान घेतला, त्या पारावर पहिल्यांदा त्यांच्याकडं संशयानं बघितलं जात होतं. त्यांनी घसा खाकरला, मला पुन्हा डोळ्यांसमोर धरलं, आणि म्हणाले, "थांबा की, खाली बारीक अक्षरात हाय." आणि वाचू लागले: "मळवाडीच्या पानीचोरांनी..."

माझ्या अंगावर 'चोर' हा शब्द नव्हता. उलटा करून बघा, उन्हात धरून बघा, नव्हता. पण पारावर एकदम जीव आला. माणसं सरसावून बसली. कारभाऱ्यांचा आवाज पुन्हा वेशीबाहेर गेला.

मळवाडीत वेगळं काही घडलं नाही. गोरक्षलाही टोमणा बसला, "सासऱ्याची भीड धरतोस व्हय रं?" आणि 'दाराची पाहणी करावी' याचं गोरक्षच्या तोंडून झालं, 'दार फोडून टाकू, अशी कवठ्याची धमकी.'

माणसं बातमी ऐकायला येतात असं मला वाटायचं. तसं नसतं. आपण बरोबर आहोत, हे ऐकायला येतात. तेवढं मिळालं की पुढच्या गुरुवारी आणखी थोडं लागतं. दारूसारखंच. आणि ज्याला अक्षर येतं त्यानं ठरवून खोटं वाचलं, तर कागदानं काय करावं? मला मान हलवता येत नाही, तोंड दाबून धरता येत नाही. माझ्या नावानं माझ्यासमोर खोटं चाललं होतं आणि मी त्यांच्याच हातात थरथरत होतो. लोकांना वाटायचं, वारं आहे.

असे पुष्कळ गुरुवार गेले. एकदा पाटाच्या पाण्यात मेलेली म्हैस वाहत आली. शामकांतांनी लिहिलं, 'ती कोणाची व कोठून आली, हे समजले नाही. पाणी गाळून व उकळून प्यावे.' कारभाऱ्यांनी वाचलं, 'मळवाडीच्यांनी मुद्दाम टाकली.' उकळून प्यायचं सांगायचं राहूनच गेलं. कवठ्यात पोरं जुलाबानं अंथरुणाला लागली, आणि त्याचाही दोष मळवाडीवर गेला.

मग जे व्हायचं ते झालं. मळवाडीच्या गिरणीत कवठ्याचं दळण घेईनात. कवठ्याचा न्हावी मळवाडीला जाईना. ठरलेली लग्नं मोडली, झालेल्या लग्नातल्या लेकी माहेराला तोडल्या गेल्या. लंकाबाईच्या कानावर बाजारातून आलं, की आई, रंगुबाई, अंथरुणाला खिळलीय, अन्न जात नाही, लेकीचं नाव घेते. लंकाबाईनं नवऱ्याला विचारलं. गोरक्ष खाली बघत म्हणाला, "कवठ्याला तुला धाडली, तर गाव मला वाळीत टाकंल. पारावर काय तोंड दावू?"

"आन तिकडं माजी आई गेली, तर मी कुनाला तोंड दावू?" लंकाबाईनं विचारलं. तो घराबाहेर निघून गेला. आणि जाताना मला काखेत मारून घेऊन गेला, पुढचं खोटं वाचायला.

दोन्ही गावची माणसं एका बाजारच्या दिवशी छापखान्यात आली. सुदैवानं एका वेळी नाही. सकाळी मळवाडीची आली. "अण्णा, तुमी आमाला चोर केलं? सगळ्या बाजारात लोक बोट दावत्यात." शामकांतांनी अंक काढला, ओळी दाखवल्या. "कुठं आहे चोर? दाखवा मला."

त्यातला म्हातारा म्हणाला, "आमाला कुठं अक्षर कळतंय? कवठ्याच्या पारावर वाचलंय, दहा गावचे पावने ऐकून आल्यात. कान काय खोटं ऐकत्यात?"

दुपारी कवठ्याची आली, तेच गाऱ्हाणं उलट बाजूनं घेऊन. शामकांत दिवसभर माझी पानं उलटून दाखवत राहिले. त्यांना वाटलं, आपल्याच लिहिण्यात काही चूक असेल, एखादा शब्द झोंबत असेल. पुढच्या अंकात त्यांनी आणखी मऊ लिहिलं. पारावर वाचणाऱ्यांना ते बरंच झालं, मोकळी जागा जास्त मिळाली. त्याच आठवड्यात मळवाडीच्या चौकात माझी होळी केली. जळताना माझ्यावर शेवटची दिसलेली ओळ 'ज्याचे पाणी त्याला' ही होती. ती होळी बघायला कवठ्याचं कुणी नव्हतं, तरी तिकडच्यांनी ऐकून दुसऱ्या दिवशी मला गोठ्यात अंथरलं.

"बंद करा हे," नीलांबरीबाई म्हणाल्या. त्या रागानं नाही म्हणाल्या. शामकांत सायकलच्या चाकात हवा भरत होते. म्हणाले, "आता बंद केलं तर जे ऐकलं तेच खरं ठरेल."

सगळे अंक जळत नाहीत. एक अंक लंकाबाईच्या भाकरीला लागला. मळवाडीत सगळ्यांचाच काही ऊस नव्हता, तीही रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मुकादमाला गावांच्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. दोन्ही गावच्या बाया एकाच रस्त्यावर, फक्त दोन टोकांना बसायच्या. एके दुपारी कवठ्याची राहीबाई, लंकाबाईच्या माहेरची शेजारीण, पाणी प्यायला टाकीपाशी आली आणि भाकर सोडत असलेल्या लंकाबाईला बघून थांबली.

"खा बाई, तुला जातीय भाकर," राहीबाई म्हणाली. "तुज्या सासरच्यांनी म्हस टाकली पाटात. तिकडं पोरं मरायला लागल्यात, आन तुजी आईबी तेच पानी पिऊन पडलीय."

"कोन म्हनतं टाकली?"

"पेपरात आलंय. तुज्या बानंच वाचलं पारावर, मी सोता ऐकलं."

लंकाबाई काही बोलणार, एवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. भाकरीखाली मीच होतो, म्हशीच्या बातमीचाच अंक, मिरचीच्या ठेच्यानं तेलकट झालेला. तिनं भाकर पदरात घेतली, मला खडीच्या ढिगावर पसरलं आणि बोट ठेवलं. किती वर्षांनी ते बोट माझ्यावर आलं! आता ते हातोड्यानं फुटलेलं होतं, नख काळं पडलं होतं. पण सुटलं नाही. 'ती कोणाची व कोठून आली, हे समजले नाही.' तिनं एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मग खालची बातमी वाचली. तिच्या नवऱ्यानं त्याही गुरुवारी पारावर वाचलेली नवी 'कवठ्याची धमकी' त्यातही कुठं नव्हती.

"न्हाई आलेलं, राहीबाई," ती म्हणाली.

"मग काय तुजा बा खोटं वाचंल?"

बाप खोटं वाचतो हे लंकाबाईला कळलं होतं आणि नवराही वाचतो हे कळलं होतं, एकाच कागदावर, एकाच दुपारी. तिनं मला चौघडी केली आणि ओच्यात खोचलं.

पुढच्या पाळीला कवठ्यानं ठरवलं, की आता दारावरच जायचं. मळवाडीनंही ठरवलं, की येऊ तर द्या. दोन्हीकडनं काठ्या, कुऱ्हाडी निघाल्या. दारावरचा पाटकरी, माझ्या नावाचा तो गरीब माणूस, चावी धोतराच्या सोग्यात बांधून बाभळीखाली बसून राहिला. खात्याकडून कवठ्याच्या पाळीचा दिवस आणि वेळ लेखी आली होती, ती मी त्याच सकाळी छापली होती. शामकांत सायकलच्या दांडीला गठ्ठा बांधून थेट दारावर आले. दोन जमावांच्या मध्ये उभं राहून म्हणाले, "आधी वाचा. मग काय करायचं ते करा." त्यांनी एक अंक कारभाऱ्यांना दिला, एक गोरक्षला.

सासरा-जावई समोरासमोर आले, हातात मी. समोर दुसरा वाचणारा उभा असताना खोटं कसं वाचणार? दोघांनीही आळीपाळीनं जसंच्या तसं वाचलं. खात्याचा हुकूम, पाळीची वेळ, दोन्ही गावांची म्हणणी. सपक, सरळ. कारभाऱ्यांचा आवाज त्या दिवशी पाटाच्या पलीकडच्या काठालाही पोचला नाही.

मला वाटलं, झालं. आता कळेल.

पण दोन्हीकडून एकच ओरडा उठला. "ह्यो निराळा छापलाय! आजच्यापुरता! अण्णा घाबरलं, म्हनून सगळं गाळलं!" इतके दिवस जी दोन गावं एका गोष्टीवर एक झाली नव्हती, ती यावर एक झाली. खोटं इतके आठवडे ऐकलं होतं, की माझं खरं रूप त्यांना बनावट वाटलं. शामकांतांना तेव्हा सगळा उलगडा झाला. ते कारभाऱ्यांकडं बघत राहिले. मग सायकल खाली ठेवून काठावर बसले. त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. इतकं दमलेलं माणूस मी दुष्काळातही पाहिलं नाही.

तेवढ्यात रस्त्याच्या कामावरून लंकाबाई आली. डोक्यावरचं घमेलं तिनं खाली ठेवलं आणि जमावातून वाट काढत बापापुढं जाऊन उभी राहिली. ओच्यातून मला काढलं, उलगडलं.

"आबा, हा आजचा न्हाई. म्हशीचा हाय. तुमी पारावर वाचलेला. कुठं लिवलंय मळवाडीच्यांनी टाकली म्हनून? बोट ठेवा."

"लंके, घरला जा," कारभारी म्हणाले.

"कुठल्या घरला जाऊ? सासरच्या का म्हायेरच्या? आई पडलीय आन मला तिकडची वाट न्हाई. बोट ठेवा, आबा. बोट सुटलं की अक्षर पळतं, तुमीच सांगितलंय."

कारभाऱ्यांनी बोट ठेवलं. पहिल्या ओळीवर ठेवलं, दुसऱ्या ओळीवर नेलं. माझ्यावर फिरणारं ते बोट मला पुरतं ओळखीचं होतं, याच बोटानं मला दर गुरुवारी गावाच्या ताब्यात दिलं होतं. शेवटच्या ओळीपाशी ते थांबलं.

"हितं न्हाई," ते म्हणाले. मग तोंड वर करून आपल्या गावाकडं बघत म्हणाले, "हितं न्हाई. म्या घातलं. तुमी येवढंच येवढंच करायचा, मला गिळतोय म्हनायचा. मंग म्या घातलं."

लंकाबाईनं मला नवऱ्यापुढं धरलं. "आता तुमी," एवढंच म्हणाली. गोरक्षनं बोट ठेवलंच नाही. त्यानं हातातली काठी पाटाच्या काठावर टाकली आणि तिथंच उकिडवा बसला.

कुणी कुणाला मिठी मारली नाही. तसलं काही होत नसतं. मागून एकानं विचारलं, "मंग म्हस टाकली कुनी?" पाटकरी बाभळीखालून उठला, सोग्यातली चावी सोडली आणि दार उचललं. कवठ्याचं पाणी कवठ्याकडं निघालं, करंगळीएवढंच, पण निघालं.

लंकाबाई त्याच्या बरोबरीनं चारीच्या काठानं चालू लागली. गोरक्षनं तिला हाक मारली नाही आणि अडवलंही नाही. कोरडी चारी पाणी पीत पीत पाणी सोडत होती, त्यामुळे लंकाबाईच आधी पोचली. मी तिच्या हातात होतो. रंगुबाई खाटेवर होत्या, डोळे आत गेलेले. लेकीला ओळखलं. "आज पारावर काय वाचलं?" त्यांनी विचारलं. त्यांनाही सवय लागली होती ना. लंकाबाईनं आईच्या उशाशी बसून मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, 'मुद्रक, प्रकाशक'सुद्धा. ऐकता ऐकता रंगुबाईंना झोप लागली. पुढं महिनाभर त्या होत्या. लंकाबाई तो महिनाभर त्यांच्यापाशी होती. माझ्या आयुष्यात मी कुणाच्या उपयोगी पडलो असेन, तर एवढाच.

माझं मात्र काही पुन्हा जमलं नाही. कारभाऱ्यांनी पारावर बसायचं सोडलं. गोरक्षला कुणी वाचायला सांगेना. दुसरा कुणी वाचायला बसला, तर लोक एकमेकांकडं बघून हसायचे, "ह्यो काय घालतोय बघू." खरं वाचलं तरी हसायचे. मग कुणीतरी ट्रान्झिस्टर आणला आणि पारावरच्या फांदीला टांगला. त्याच्यावर बोट कुठं ठेवणार? माणसांना ते सोयीचं वाटलं असावं.

पुढं कागद आणखी महागला. शामकांतांनी शेवटचा अंक काढला, त्यात निरोपाचे चार शब्दही लिहिले नाहीत, फक्त पाळीचं वेळापत्रक छापलं. छगन साखर कारखान्यात लागला. जाताना यंत्रावर त्यानं स्वतःच्या हातानं गोणपाट टाकलं. नीलांबरीबाई माझे उरलेले गठ्ठे सोडून त्यावर डाळी निवडतात. शामकांत कधीकधी डाळीखालची ओळ वाचत बसतात. त्या म्हणतात, "अहो, हात बाजूला घ्या." ते घेतात.

तुमच्याकडं मला मागायचं फार काही नाही. मला वाचा किंवा वाचू नका. पण कुणी मला मोठ्यानं वाचत असेल, तर कधीतरी उठून त्याच्या खांद्यावरून डोकवा. तो गिळतोय का बघू नका. तो घालतोय का बघा.

तो तेलकट अंक अजून मळवाडीला आहे. लंकाबाईनं मला फडताळात डब्यांखाली अंथरलंय. परवा कारभारी लेकीकडं आले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, आता त्यांना ताटातली भाकरसुद्धा चाचपावी लागते. गोरक्षनं त्यांना हात धरून आत आणलं आणि पाणी दिलं. दोघं वाचनाविषयी बोलले नाहीत. गोरक्ष बाहेर गेल्यावर कारभाऱ्यांनी फडताळाला हात लावला, डब्याखालचा कागद बोटांना लागला.

"लंके, 'पाटकरी' हाय का हा?"

"व्हय, आबा."

"वाच."

तिनं डबे खाली काढले. मला सोडवून गुडघ्यावर घेतलं. बोट ठेवलं आणि म्हशीची बातमी वाचली. कोणाची व कोठून आली, हे समजले नाही. पाणी गाळून व उकळून प्यावे.

कारभारी थोडा वेळ वाट बघत राहिले. मग विचारलं, "येवढंच?"

"येवढंच, आबा."

"बरं," ते म्हणाले. "मंग येवढंच ऱ्हाऊ दे."